बारा बाय अठराला किती पिक्सेल लागतात?

फोटो लॅबच्या काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "हा मोठा केला तर फाटेल." समोरच्याला ते पटत नाही, कारण त्याच्या हातातल्या मोबाइलवर तोच फोटो लख्ख दिसत असतो. लॅबवाला अनुभवाने बोलतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हा काम टाळतोय. खरं तर फोटो कुठवर मोठा होईल हे दुकानाची पायरी चढण्याआधी घरबसल्या काढता येतं. त्याला दोन आकडे आणि एक भागाकार पुरतो.

पहिला आकडा पिक्सेलचा. डिजिटल फोटो ही रंगीत चौकोनांची जाळी असते. प्रत्येक चौकोनाला एकच रंग, आणि तो चौकोन म्हणजे पिक्सेल. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलने काढलेल्या आडव्या फोटोत लांबीला साधारण ४००० आणि उंचीला ३००० पिक्सेल असतात, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख. बटण दाबलं त्या क्षणी हे भांडवल ठरलं. पुढे ते खर्च होतं, वाढत मात्र नाही. आकडा बघायचा तर गॅलरीत फोटो उघडून वर सरकवा किंवा माहितीची खूण दाबा. कॉम्प्युटरवर फाइलवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. '४०३२ × ३०२४' असं काहीतरी दिसेल.

दुसरा आकडा कागदाचा. आपल्याकडे फोटोचे कागद अजून इंचातच बोलले जातात: चार बाय सहा, पाच बाय सात, आठ बाय बारा, बारा बाय अठरा. आता फोटोच्या लांब बाजूचे पिक्सेल घ्या आणि कागदाच्या लांब बाजूच्या इंचांनी भागा. ४००० ला १८ ने भागलं की २२२ येतात. म्हणजे बारा बाय अठराच्या कागदावर दर इंचात २२२ पिक्सेल बसतील. तोच फोटो चार बाय सहावर छापला तर ६६७ आणि वीस बाय तीसवर छापला तर १३३. या दर इंची आकड्यालाच रोजच्या बोलण्यात डीपीआय म्हणतात.

फोटो एकच, पण डीपीआय तीन निघाले. म्हणून "हा फोटो किती डीपीआयचा आहे?" या प्रश्नाला कागदाचं माप सांगितल्याशिवाय उत्तरच नसतं. दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांतून लेखकांना निरोप जातो, "फोटो ३०० डीपीआयचा पाठवा." लेखक बिचारा भाच्याला गाठतो. भाचा फोटोशॉपमध्ये इमेज साइजचा चौकोन उघडतो, तिथे ७२ लिहिलेलं असतं, ते खोडून ३०० करतो आणि फाइल परत पाठवतो. त्या चौकोनात 'रिसॅम्पल' ची खूण काढलेली असेल तर काहीही बदललेलं नसतं. फाइलवरची चिठ्ठी बदलली, पिक्सेल होते तेवढेच राहिले. खूण तशीच असेल तर सॉफ्टवेअरने मधल्या जागा अंदाजाने भरून फोटो फुगवलेला असतो, आणि ते जास्त वाईट, कारण आता आकडा बघून कुणाला संशयही येत नाही. संपादकाने मागायला हवं ते असं: "फोटो सात इंच रुंद छापणार आहोत, तेव्हा रुंदीला निदान २१०० पिक्सेल असू देत." यात गोंधळाला जागा उरत नाही.

हे ३०० आले कुठून?

दोन वाटांनी आले. एक वाट डोळ्याची. निरोगी डोळ्याला एकमेकांपासून एका कलेने, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाने, दूर असलेले दोन ठिपके जेमतेम वेगळे दिसतात. पुस्तक धरतो तेवढ्या, म्हणजे २५ सेंटिमीटर अंतरावर, ही फट मिलिमीटरच्या सात शतांश भागाच्या आसपास भरते. एका इंचात असे साधारण ३४० ठिपके मावतात. त्याहून दाट ठिपके छापले तरी डोळ्याला वेगळे दिसत नाहीत.

दुसरी वाट छापखान्याची. चांगल्या कागदावरच्या ऑफसेट छपाईत फोटो शाईच्या ठिपक्यांच्या, इंचाला १५० ओळींच्या जाळीतून छापायची पद्धत आहे. जाळीच्या प्रत्येक ठिपक्यामागे दोन पिक्सेल धरले की ३०० होतात. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणून तिथली जाळी बरीच विरळ असते आणि २०० पिक्सेलमध्ये काम भागतं. फोटो लॅबमधली रंगीत कागदावर लेझरने फोटो उमटवणारी मशीनंही ३०० ते ३२० च्या आसपासच चालतात.

घरच्या इंकजेट प्रिंटरच्या खोक्यावर ५७६० डीपीआय लिहिलेलं असतं ते वाचून दचकू नका. ते शाईचे थेंब आहेत. एका पिक्सेलचा रंग जमवायला असे पुष्कळ थेंब खर्ची पडतात. त्या आकड्याने फोटो तयार करायला बसलात तर कॉम्प्युटर गुदमरेल.

डोळ्याच्या हिशेबातून आणखी एक कामाची गोष्ट निघते. अंतर वाढलं की गरज घटते. किती घटते, तर २५ सेंटिमीटर म्हणजे साधारण दहा इंचांवर ३४०, म्हणून ३४०० ला अंतराच्या इंचांनी भागा. तीन फुटांवरून बघायच्या फ्रेमला सुमारे ९५ पिक्सेल लागतील. तीस फुटांवरून दिसणाऱ्या फ्लेक्सला दहासुद्धा लागणार नाहीत. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर व्हॉट्सअॅपवरून आलेला 'भाऊं'चा चेहरा दहा फुटी करूनही रस्त्यावरून ठीक दिसतो, त्याचं कारण हेच. जवळ जाऊन बघा, गालावर बोटभर चौकोन दिसतील. पण फ्लेक्सला नाक लावून कोण उभं राहतं?

घरातल्या भिंतीचं मात्र तसं नाही. पाहुणे सोफ्यावरून उठतात, फ्रेमजवळ जातात, चष्मा वर करून "ही कोण गं, सुमन का?" असं विचारतात. म्हणून भिंतीवरच्या फोटोला ९५ वर समाधान मानू नये. माझं मत विचाराल तर हातात धरून बघायच्या प्रिंटला २५० ते ३०० हवेत, भिंतीवरच्या बारा बाय अठराला २०० भरपूर झाले, १५० ला निभावतं. १०० च्या खाली आलं की लॅबवाल्याशी वाद घालू नये, तो म्हणतो तेच खरं असतं.

मोबाइलवर फोटो लख्ख का दिसतो हेही आता उलगडेल. मोबाइलचा पडदा रुंदीला जेमतेम पावणेतीन इंच, आणि बहुतेकांचे त्या रुंदीत पिक्सेल १०८० च्या आसपास. तुमच्या फोटोच्या चार हजारांच्या लांबीतले पाऊण हिस्सा पिक्सेल तो दाखवतच नाही. उलट हजार-बाराशे पिक्सेलचा मरतुकडा फोटोही त्यावर भरघोस दिसतो. पडदा बघून प्रिंट ठरवणं यातच फसगत आहे.

भांडवल गळतं कुठे

सगळ्यात जास्त व्हॉट्सअॅपवर. नेहमीसारखा फोटो पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणली जाते आणि फाइल दाबली जाते. १६०० ला ६ ने भागा, २६७ येतात. म्हणजे चार बाय सहाची प्रिंट व्हॉट्सअॅपच्या फोटोवरूनही बरी निघते, लोक उगाच घाबरतात. पण १६०० ला १८ ने भागलं की ८९, आणि तिथे फोटो फाटतो. 'एचडी' निवडलं तर जास्त पिक्सेल जातात, तरी फाइल दाबली जातेच. मूळ फोटो जसाच्या तसा हवा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, किंवा ईमेल, ड्राइव्हची लिंक, पेन ड्राइव्ह, काहीही. इन्स्टाग्रामवरून उतरवलेला फोटो रुंदीला बहुतेकदा १०८० पिक्सेलचा असतो. स्टेटसचा स्क्रीनशॉट म्हणजे तर पडद्याचाच फोटो. त्यात वर बॅटरीची खूणही येते.

गूगल फोटोजवर 'स्टोरेज सेव्हर' लावलेलं असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो तेवढ्यावर आणले जातात. घरगुती छपाईला १६ पुष्कळ आहेत, त्याची काळजी नको.

दाबलेल्या फाइलचा आणखी एक त्रास असतो, तो पिक्सेल मोजून कळत नाही. जेपेग ही पद्धत फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातला डोळ्याला न जाणवणारा तपशील टाकून देते. रंगाच्या बाबतीत तर ती आणखी सढळ हाताने काटछाट करते. पुन्हा पुन्हा सेव्ह केलं, या गटातून त्या गटात ढकललं, की हे तुकडे दिसायला लागतात. आकाशात चौकटी उमटतात, लाल साडीच्या काठाभोवती धुरकट कड येते. म्हणून संपादन करायचं ते मूळ फाइलवर, आणि सेव्ह करताना दर्जा ९० च्या वर ठेवून एकदाच. एमबीवरून मात्र पिक्सेलचा अंदाज बांधू नका. मोकळ्या आकाशाचा बारा मेगापिक्सेलचा फोटो दोन एमबीत बसतो, पानांनी भरलेल्या वडाच्या झाडाचा सहा एमबी घेतो, दोन्हींतले पिक्सेल सारखेच.

झूमचाही हिशेब करा. दोन बोटांनी चिमटीत धरून मोठं करून काढलेला फोटो म्हणजे बहुतेक वेळा सेन्सरच्या मधला तुकडाच. फोन तो फुगवून पुन्हा चार हजार पिक्सेल दाखवतो, पण त्यातले खरे हजारच असू शकतात. दोन पावलं पुढे जाणं हा त्यावरचा जुना उपाय अजून चालतो. '५० मेगापिक्सेल' किंवा '१०८ मेगापिक्सेल' असं फोनच्या पाठीवर लिहिलेलं असलं तरी नेहमीच्या मोडमध्ये शेजारचे चार किंवा नऊ ठिपके मिळून एक पिक्सेल बनतो आणि फोटो बाराच्याच आसपास निघतो. पूर्ण मेगापिक्सेलचा मोड भर उन्हात काढलेल्या देवळाच्या किंवा किल्ल्याच्या फोटोला उपयोगी पडतो. हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली त्याने नुसते दाणे वाढतात.

लग्नाच्या व्हिडिओतून फ्रेम काढून देणारेही भेटतात. फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम १९२० बाय १०८० म्हणजे दोनच मेगापिक्सेलची, फोरके असेल तर आठची. दुसरी चालेल, पण माणूस हलत असेल तर फ्रेम हललेलीच असते.

काका अर्धे का होतात

पिक्सेल पुरेसे असूनही प्रिंट बिघडते ती बहुतेक वेळा कापण्यात. मोबाइलचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो. मोठ्या कॅमेऱ्याचा तीनास दोन. आणि लॅबचे सगळ्यात खपाचे कागद, म्हणजे चार बाय सहा, आठ बाय बारा, बारा बाय अठरा, वीस बाय तीस, हेही तीनास दोन. पाच बाय सात, आठ बाय दहा, सोळा बाय वीस यांचं प्रमाण आणखी वेगळं. जाड फोटो पातळ कागदावर बसवायचा तर काहीतरी जाणारच.

किती जातं ते बघा. मोबाइलचा ४००० बाय ३००० चा आडवा फोटो चार बाय सहावर बसवताना उंची ३००० ऐवजी २६६७ होते. ३३३ पिक्सेल गेले, म्हणजे नववा हिस्सा, निम्मा वरून आणि निम्मा खालून. मागच्या रांगेतल्या उंच माणसाचा फेटा आणि पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांचे गुडघे नेमके तिथेच असतात. मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोचं उलटं होतं. ६००० बाय ४००० चा आडवा ग्रुप फोटो आठ बाय दहावर घेतला तर लांबीतले १००० पिक्सेल कापले जातात, सहावा हिस्सा. कडेला उभे असलेले काका अर्धे होतात ते असे. नवरीचा उभा फोटो असेल तर तोच सहावा हिस्सा डोक्यावरून आणि पायाकडून जातो.

लॅबच्या सॉफ्टवेअरला काका कोण हे माहीत नसतं. ते मधला भाग धरतं आणि दोन्ही कडांनी सारखं कापतं. पन्नास फोटोंच्या ऑर्डरमध्ये ऑपरेटर प्रत्येक फोटो सरकवून बघत नाही, बघावा अशी अपेक्षाही करू नये. म्हणून कापायचं काम आपण घरी करायचं. फोनच्या कुठल्याही एडिटरमध्ये क्रॉपला गेलात की प्रमाण निवडता येतं. चार बाय सहासाठी ३:२, आठ बाय दहासाठी ५:४. चौकट सरकवून काकांना आत घ्या, वरचं छत किंवा खालची सतरंजी जाऊ द्या, आणि वेगळ्या नावाने सेव्ह करा.

काहीच कापायचं नसेल तर दोन मार्ग. एक, कागदावर बाजूला पांढऱ्या पट्ट्या सोडून पूर्ण फोटो छापायला सांगायचं. फ्रेममध्ये माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, लावणार असाल तर पट्ट्या झाकल्याही जातात. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. सहा बाय आठ, बारा बाय सोळा, अठरा बाय चोवीस हे कागद चारास तीनचेच आहेत, मोबाइलचा फोटो त्यावर न कापता बसतो. बारा बाय सोळावर ४००० ला १६ ने भागून २५० येतात, म्हणजे बारा बाय अठरापेक्षा दर इंची पिक्सेलही जास्त. सगळ्या लॅबमध्ये ही मापं फलकावर लिहिलेली नसतात, विचारावं लागतं. नसली तर मोठ्या कागदावर छापून कापून देतात.

फोटो काढतानाच पुढचा त्रास वाचवायचा असेल तर कॅमेऱ्याचं 'फुल' किंवा '१६:९' बंद ठेवा. पडदाभर दिसतं म्हणून लोक ते लावून ठेवतात. त्यात जास्त काही येत नाही, चारास तीनच्या फोटोतलंच कडेचं कापलेलं असतं. आणि माणसांच्या चारही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडा. बिनबॉर्डरच्या छपाईत मशीन फोटो किंचित मोठा करतं, कडेचे दोनतीन मिलिमीटर तिथे जातात. वर फ्रेमची पट्टी प्रत्येक बाजूने पाव इंच झाकते. कॅनव्हासवर घेऊन लाकडी चौकटीभोवती गुंडाळणार असाल तर दीड-दोन इंच चारही बाजूंनी मागे वळतात, तेव्हा चेहरा कडेला असलेला फोटो त्यासाठी निवडूच नका.

ग्रुप फोटोतून काढलेली आजी

घरात कोणी गेलं की दहाव्या-तेराव्याला फ्रेम हवी असते. शोधाशोध सुरू होते आणि लक्षात येतं, आजीचा एकटीचा धड फोटो कुणाकडेच नाही. मग नातवाच्या मुंजीतला ग्रुप फोटो सापडतो. आजी त्यात छान हसतेय. "हिलाच मोठी करा, बारा बाय अठरा."

हिशेब करू. फोटो मूळचा आहे, ४००० पिक्सेलचा, व्हॉट्सअॅपवरून आलेला नाही असं धरू. एका रांगेत दहा माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला खांद्यापासून खांद्यापर्यंत ४०० पिक्सेल. चेहरा त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे १३० च्या आसपास. बारा बाय अठराच्या फ्रेममध्ये छातीपर्यंतचा फोटो घेतला तर चेहरा सहज पाच इंच रुंद होतो. १३० ला ५ ने भागा: दर इंचाला २६ पिक्सेल. फ्लेक्सचा दर्जा, आणि तो लावायचा हॉलच्या भिंतीवर. हाच फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला असता तर चेहऱ्याला पन्नासच पिक्सेल उरले असते आणि दर इंचाला दहा.

इथे आता एआयवाले अॅप पुढे येतात. एका बटणात फोटो चौपट. ते करतात काय, तर लाखो चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने नवे पिक्सेल भरतात. झाड, भिंत, साडीचा पोत यांना ते ठीक आहे. एक पान इकडचं तिकडे झालं तर कोण बघतं? चेहऱ्याला मात्र ते डोळ्यांच्या पापण्या नव्याने काढतं, सुरकुत्या गुळगुळीत करतं, दात सरळ करतं, कधी कुंकवाची चिरी गोल करतं. प्रिंट झकास येते आणि घरातली लहान मुलं विचारतात, ही कोण? दुप्पट करण्यापर्यंत मी एआयला हरकत घेणार नाही, तेही मूळ फोटो शेजारी ठेवून डोळे, नाक, ओठ ताडून बघितल्यावर. त्यापुढे जाऊ नये.

त्यापेक्षा कागद लहान करा. चेहरा इंचभर रुंद राहील असा चार बाय सहाचा फोटो घेतला तर दर इंची १३० पिक्सेल पडतात. थोडा मऊ दिसेल, पण आजीच दिसेल. तो मोठ्या माउंटमध्ये बसवा, बाहेरची फ्रेम हवी तर बारा बाय अठराची घ्या. भिंतीवर वजन तेवढंच दिसतं. मॅट किंवा कॅनव्हासचा खडबडीत पोत अशा कमी पिक्सेलच्या फोटोला सांभाळून घेतो, ग्लॉसी कागद प्रत्येक उणीव उघडी पाडतो.

त्याआधी घरातले जुने अल्बम एकदा चाळा. स्टुडिओत काढलेला आजीचा कागदी फोटो सापडला तर तो ग्रुप फोटोपेक्षा कितीतरी सरस. अडीच बाय साडेतीन इंचाचा फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन केला की ३००० बाय ४२०० पिक्सेल मिळतात. कागदावरच्या सगळ्याच फोटोंत तेवढा तपशील असतो असं नाही, साध्या रंगीत प्रिंटला ६०० च्या पुढे फारसं काही हाती लागत नाही. पण जुन्या काळ्यापांढऱ्या प्रिंटांतून बरंच निघतं. निगेटिव्ह असेल तर आधी तीच धरा. पस्तीस मिलिमीटरची एक चौकट २४०० डीपीआयवर स्कॅन केली तरी ३४०० बाय २२०० च्या वर पिक्सेल येतात, आणि प्रिंटवर पडलेले डाग तिच्यावर नसतात.

स्कॅनर नसेल आणि मोबाइलनेच कागदी फोटोचा फोटो काढायचा असेल तर तो फ्रेममधून बाहेर काढा, खिडकीशेजारी टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद. फोन अगदी जवळ नेऊ नका, कडा फुगतात. थोडं वर जाऊन फोनला दुसरी टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी, लेन्स असेल तर ती वापरा. कोकणात, गोव्यात पावसाळ्यातल्या दमटपणाने फोटो काचेला चिकटून बसलेला असतो. तो ओढून काढू नका, काचेबरोबर चेहरा सोलून येतो. काच पुसून काचेसकटच फोटो घ्या, आणि फोनच्या मागे काळं कापड धरून उभे राहा म्हणजे तुमचंच प्रतिबिंब त्यात येणार नाही.

नोकरीच्या फॉर्मसाठी केलेली २० ते ५० केबीची फाइल फ्रेमसाठी कुणी देऊ नये एवढंच. बँकांच्या परीक्षांना २०० बाय २३० पिक्सेलचा फोटो लागतो. तो चढवण्यासाठीच बनवलेला असतो, त्याची पाऊण इंचाची प्रिंट चांगली येईल.

रंग आणि उजेड

प्रिंट नेहमी पडद्यापेक्षा काळपट येते, कारण पडदा स्वतः उजेड टाकतो आणि कागद खोलीतल्या उजेडावर जगतो. छापायला देण्याआधी पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा आणि फोटो पुन्हा बघा. चेहरे अंधारात गेलेले वाटले तर सावल्या थोड्या उचला. दिवाळीत पणत्यांच्या उजेडात काढलेल्या फोटोंना हे हमखास करावं लागतं. राणी किंवा पोपटी रंगाची साडी पडद्यावर जशी झळाळते तशी कुठल्याच कागदावर झळाळणार नाही. तिथे रंग आणखी भडक करण्यात अर्थ नाही, पदराची वीणच नाहीशी होते.

रंगपद्धत, म्हणजे फाइलमधले रंग कोणत्या मापाने वाचायचे ते, विचारली तर लॅबसाठी एसआरजीबी. मोठ्या कॅमेऱ्यात अॅडोबी आरजीबी लावलेलं असेल आणि लॅबच्या मशीनने त्याकडे लक्ष दिलं नाही, तर सगळा अल्बम फिकट निघतो. आयफोनचे फोटो सहसा डिस्प्ले पी३ या रंगपद्धतीत आणि हाइक (HEIC) फाइलमध्ये असतात. काही दुकानांतली मशीनं ही फाइल उघडतच नाहीत, म्हणून आधीच जेपेग करून, एसआरजीबीत, न्यावी. सीएमवायके, म्हणजे छापखान्याच्या चार शायांची रंगपद्धत, फक्त पत्रिका, अंक, पुस्तक यांसारख्या ऑफसेटच्या कामाला, आणि तेही छापखान्याने मागितलं तर.

शार्प करायचं असेल तर सगळ्यात शेवटी, क्रॉप आणि माप झाल्यावर. मॅट कागद थोडं जास्त शार्पनिंग खपवून घेतो. हललेला फोटो मात्र शार्प होत नाही, फक्त त्याच्या कडा पांढऱ्या होतात. पिक्सेल कितीही असोत, फोटो शंभर टक्क्यांवर उघडून डोळ्यांच्या पापण्या बघा. त्या पुसट असतील तर भागाकाराचं उत्तर निम्मं धरा.

इतकं करूनही मोठ्या प्रिंटचा खर्च करायला मन धजत नसेल तर एक स्वस्त परीक्षा आहे. बारा बाय अठराच्या कागदात चार बाय सहाचे बरोबर नऊ तुकडे मावतात. ३:२ मध्ये क्रॉप केलेल्या तुमच्या ४००० बाय २६६७ च्या फोटोतून चेहऱ्याभोवतीचा १३३३ बाय ८८९ पिक्सेलचा तुकडा कापा आणि तो साध्या चार बाय सहावर छापून आणा. मोठ्या प्रिंटमध्ये तो भाग असाच दिसणार, तेवढाच मोठा, तेवढाच मऊ किंवा तेवढाच धारदार. भिंतीवर चिकटवा, दोन हात मागे जा, मग जवळ या.

ऑर्डर देताना फाइलच्या नावातच माप लिहा, 'आजी_१२बाय१६' असं. काउंटरवर तीन गोष्टी सांगा: फोटो आधीच क्रॉप केलाय, ऑटो करेक्शन लावू नका, कागद मॅट. लॅबचं ऑटो करेक्शन पणत्यांचा पिवळा उजेड पांढरा करून टाकतं आणि सावळे चेहरे उगाच गोरे करतं. अनेक प्रती हव्या असतील तर आधी एकच काढून घ्या आणि ती दुकानाच्या बाहेर येऊन दिवसाच्या उजेडात बघा. आतल्या एलईडीखाली चेहऱ्याचा रंग हिरवट दिसतो आणि दोष उगाच प्रिंटला लागतो.